फोन ठेवा, मग मुलाला लावा

भरदुपारी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. डीपीला खाकी वर्दीतला फोटो, नंबर +९२ ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानचा. ‘तुमचा मुलगा ड्रग्जच्या केसमध्ये सापडलाय’ म्हणाला, आणि मागे कुणीतरी ‘आई, वाचव’ म्हणून रडत होतं. मी तेव्हा ऑफिसात होतो. त्यातून जे कळलं ते असं:

१. आवाजावर जाऊ नका. हुंदके देणारं कुणाचंही पोर आईला आपलंच वाटतं. आता तर रीलमधल्या थोड्याशा आवाजावरून एआय हुबेहूब नक्कल करतं.

२. ही माणसं फोन ठेवू देत नाहीत, हीच त्यांची खरी खूण. ‘कट केलात तर एफआयआर होईल, कुणाला बोललात तर मुलगा आत जाईल.’ कारण मुलाला एक फोन लागला की त्यांचा डाव संपतो. आईने नेमकं तेच केलं. हातातल्या फोनवर तो तोतया दरडावत होता, आणि ती शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून मला विचारत होती, ‘तू कुठे आहेस रे?’ पोलीस जामिनाचे पैसे गूगल पेवर मागत नाहीत, हे तिला नंतर सांगितलं. फोन लावायचं तिला आपणहून सुचलं होतं.

३. घरात एक प्रश्न ठरवून ठेवा. वाढदिवस, शाळा नको, ते फेसबुकवर सापडतं. आजोळच्या गायीचं नाव विचारा.

४. ‘नंबर बदललाय, हा सेव्ह कर’ असा मेसेज आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करा.

५. ‘बाबांनी तुम्हाला पैसे द्यायला सांगितलेत’ म्हणत पैसे जमा झाल्याचा खोटा एसएमएस पाठवतात, मग ‘चुकून जास्त गेले, परत करा’ म्हणून मागे लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. पिन टाकायला सांगितलं तरी टाकू नका, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

६. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. समोरच्या खात्यातून ते पुढे सरकायच्या आत गोठवता येतात. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांवर ओरडू नका. बोलणी बसतील या भीतीने ती दोन-दोन दिवस सांगत नाहीत. आज जेवायला बसाल तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये १९३० सेव्ह करून द्या.