मासोळ्यांआधी पाणी

नव्या फिशटँकमधलं पाणी जितकं नितळ दिसतं, तितकं ते माशांना धोक्याचं असतं. ऐकायला उलटं वाटेल, पण वर्ध्यात आमच्या घरी पेटी आली त्याच संध्याकाळी गोल्डफिशही आले आणि आठवडा सरायच्या आत ते वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. दुकानात विचारलं, तर ‘सगळं पाणी बदला, स्पंज धुऊन काढा’ असा सल्ला मिळाला. तसं केल्यावर उरलेलेही गेले. रोग कुठलाच नव्हता. माशांची घाण पचवणारं त्या पाण्यात कोणी नव्हतं, एवढंच.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बेताचं असेल तर मासे सोसतात. हे जिवाणू रेतीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, पण ती वस्ती वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मासे त्याआधी सोडले, तर ते आपल्याच विषात राहतात.

आपल्याकडे यात दोन गोष्टींची भर पडते. बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ १० पट होतो. दुसरी गोष्ट उन्हाची. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ पेक्षाही कमी. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा नवी पेटी मांडायचा बेत न केलेलाच बरा.

म्हणून पेटी मांडायची ती पाऊस ओसरल्यावर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत ५० लिटरच्या वर पाणी बसतं. पाणी, काच आणि रेती मिळून वजन ७० किलोच्या आसपास जातं, तेव्हा टेबल डगमगतं नको. खिडकीचं ऊन पेटीवर येऊ देऊ नका. रेती साबण न लावता, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. नदीतले गोटे टाकायचे असतील, तर त्यांवर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर त्यात चुना आहे, पाणी आणखी जड होईल.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो मासे व जिवाणू दोघांनाही मारतो. त्यासाठी अँटीक्लोरीनचे थेंब वापरा. शुद्ध म्हणून नुसतं आरओचं पाणी भरू नका. क्षार नसलेल्या पाण्यात सामू टिकत नाही. बोअरचं पाणी फार जड असेल, तर त्यात थोडं आरओचं मिसळा.

आता फिल्टर आणि हवेचा पंप सुरू करा, आणि मासे नसतानाच रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी पेटी असेल, तर तिथल्या वापरातल्या स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. दुधाला विरजण लावावं तसंच हे. टेस्ट किटने पाणी तपासत राहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागलं, की पेटी तयार. मग अर्धं पाणी बदला आणि सुरुवातीला दोन-तीनच छोटे मासे सोडा. आपल्या जड पाण्यात गप्पी आणि मॉली छान रमतात. दुकानातली पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, तिच्यात थोडं थोडं पेटीतलं पाणी घाला आणि मासे जाळीने उचला. पिशवीतलं पाणी पेटीत ओतू नका.

फिल्टर चोवीस तास चालू हवा. लाईन बराच वेळ गेली, तर स्पंजवरचे जिवाणू हवेवाचून मरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवा. स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात. उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं, पण क्षार खालीच राहतात. नुसती भर घालत गेलात, तर पाणी दिवसेंदिवस जड होतं, म्हणून दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढून नवं घाला. थंडीत पारा खाली गेला, तर गप्पी-मॉलींसाठी हीटर लागतो.

मुलं हट्ट करतील, दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणेल. तरीही अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय एकही मासोळी घरी आणू नका.