याकोब, एसाव आणि मधले अंतर



थोरल्या भावाशी धरलेला अबोला सोडण्याचा विचार मनात येऊ लागला असेल, तर चिरंजीवाने हिब्रू धर्मग्रंथाच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील याकोब व एसाव या जुळ्या भावांची कथा तपशिलांसह वाचावी. ती प्रवचनांत सांगितली जाते तितकी सरळ नाही.

याकोबाने भुकेल्या एसावाला मसुरीची आमटी देऊन त्याचा ज्येष्ठत्वाचा हक्क, म्हणजे वडिलांमागे थोरल्याला मिळणारा मान व वाटा, पदरात पाडून घेतला. पुढे आई रिबेकाच्या सांगण्यावरून हातांना करडांचे कातडे गुंडाळून, दृष्टी मंदावलेल्या वडिलांकडून, इसहाकाकडून, एसावाचा आशीर्वादही लाटला आणि एसाव जिवावर उठताच मामा लाबानाकडे हारानला पळ काढला. २० वर्षांनी तो परतू लागला, तेव्हा एसाव ४०० माणसे घेऊन सामोरा येत असल्याची वर्दी आली.

तेव्हा याकोबाने २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० मेंढे, पिलांसह ३० दुभत्या सांडणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी व १० गाढवे असे कळप, दोन कळपांत अंतर राखून, एकामागून एक पुढे धाडले आणि हे सारे एसावासाठी भेट आहे, असे सांगायला प्रत्येक गड्याला पढवले. यात भीती आहे, हिशेबीपणाही आहे. तरी लुबाडणाऱ्याने रिकाम्या हातांनी क्षमा मागू नये, एवढी समज त्यात निश्चित आहे. एसाव धावत येऊन गळ्यात पडला, त्याने चुंबन घेतले, दोघेही रडले आणि आपल्यापाशी पुष्कळ आहे असे सांगून त्याने भेट नाकारली. याकोबाने मात्र आग्रह सोडला नाही, आणि एसावाने ती अखेर स्वीकारली. हा स्वीकार मिठीहून मोठा मानावा लागेल. (चुंबनाचा उल्लेख करणाऱ्या हिब्रू शब्दाच्या अक्षरांवर परंपरेने ठिपके दिलेले आहेत आणि ते चुंबन मनापासून होते की नाही, यावर प्राचीन रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, वाद घालत आले.)

पुढचा भाग सहसा गाळला जातो. एसावाने बरोबर चलण्याविषयी सुचवले, तेव्हा मुले कोवळी व जनावरे लेकुरवाळी असल्याची सबब सांगून याकोबाने मागाहून एसावाकडे सेईरला येण्याचे कबूल केले, पण तो गेला सुक्कोथला, आणि तेथे त्याने घर बांधले. पुढे वडिलांना मूठमाती देताना दोघे एकत्र आले. एकाच मुलुखात दोघांची गुरे मावत नाहीत, म्हणून एसाव सेईरच्या डोंगराळ प्रदेशात स्थिरावल्याचेही हे पुस्तक सांगते आणि त्याबद्दल कोणालाच दोष देत नाही.

तेव्हा चिरंजीवाने वाटणीत जादा आलेल्या जमिनीचा तुकडा आधी भावाच्या नावावर करून द्यावा, भाऊ ‘राहू दे’ म्हणाला तरी आग्रह धरावा, आणि एका चुलीची बोलणी मात्र काढू नयेत. याच पुस्तकात पुढे याकोबाचा मुलगा योसेफ याने आपल्याला विकणाऱ्या भावांना मिसर देशात आश्रय दिला, तरी १७ वर्षांनी वडील वारल्यावर त्याच भावांना सुडाची धास्ती वाटली आणि त्यांचा निरोप ऐकून योसेफाला रडू आले. त्यामुळे थोरल्याने वर्षा-दोन वर्षांनी जुना विषय उकरून काढल्यास चिरंजीवाने तो पुन्हा एकदा शांतपणे ऐकून घ्यावा.