पिवळा रंग गेला कुठे?

कपाशीवर फवारणी झाली की आमचे काका विहिरीच्या काठावर पंप धूत. धुवण उताराने विहिरीकडेच झिरपे आणि घरात पाणी त्याच विहिरीचे. 1996 साली मी बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला होतो. प्रकल्पाला विषय घेतला तो या धुवणामुळेच. मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक जिवाणूंना मोडता येते काय?

या औषधावर भारतात 2018 साली बंदी आली. तेव्हा मात्र ते सर्रास मिळे. किडीच्या मज्जासंस्थेतील एक एन्झाइम त्यामुळे बंद पडते. फवारणाऱ्या माणसाचेही तेच एन्झाइम बंद पडते, हीच अडचण. त्याच्या रेणूतील फॉस्फरस-ऑक्सिजनचा एक बंध पाण्याच्या साहाय्याने तुटला की विषारीपणा पुष्कळच उतरतो आणि पॅरानायट्रोफेनॉल सुटते. हा बंध तोडणारा जिवाणू सेतुनाथन व योशिदा यांनी फिलिपाइन्समधील भातखाचरात शोधला. त्यांचा निबंध 1973 सालचा. त्याच वर्षी कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेतील सिद्धरामप्पा, राजाराम व सेतुनाथन यांनी पॅराथिऑनचे विघटन पॅरानायट्रोफेनॉलच्या पुढे, थेट नायट्राइटपर्यंत जाते, हे दाखविले.

असे जिवाणू विकत आणावे लागत नाहीत. जेथे वर्षानुवर्षे औषध पडते त्या मातीत ते वाढलेले असण्याचा संभव अधिक. डभोईच्या रस्त्यावरील एका कपाशीच्या शेतातून मी काळी माती आणली. चंबूत क्षारांचे पाणी, त्यात चिमूटभर माती आणि खाद्य म्हणून फक्त कीटकनाशक. दर आठवड्यास त्यातील थोडे नव्या चंबूत घालायचे. ज्याला हे अन्न पचते तोच टिकतो. मला घाई होती, म्हणून मी थोडे ग्लुकोजही घातले.

तिसऱ्या दिवशी पाणी पिवळे झाले. हा पॅरानायट्रोफेनॉलचा रंग. सहाव्या दिवशी तो नाहीसा झाला. जिवाणूंनी तेही फस्त केले, असे समजून मी मित्रांना शेव-उसळ खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी सरांनी चंबूत कॉस्टिक सोड्याचे चार थेंब टाकले. पाणी पुन्हा पिवळेजर्द! सर काही बोलले नाहीत. बाटली माझ्या हाती देऊन निघून गेले.

पॅरानायट्रोफेनॉल अल्कधर्मी पाण्यात पिवळे दिसते, आम्लात रंगहीन. ग्लुकोज खाऊन जिवाणूंनी आम्ल केले होते. पदार्थ होता तेथेच होता.

ग्लुकोज वगळून, आम्लता स्थिर ठेवणारे फॉस्फेट घालून प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी पिवळा रंग आला तो दोन आठवडे हटेना. म्हणजे माझ्या जिवाणूला केवळ तोडता येत होते, खाता येत नव्हते. मग त्याच मातीला पॅरानायट्रोफेनॉल हेच एकमेव अन्न देऊन दुसरा जिवाणू मिळविला आणि दोघांना एका चंबूत सोडले. रंग आला, गेला, आणि सोड्यानेही परतला नाही. नायट्राइटच्या परीक्षेत पाणी गुलाबी झाले, तेव्हा कोठे मी वहीत निष्कर्ष लिहिला. शेव-उसळ मात्र या वेळी कोणाला दिली नाही.

काकांचे पत्र आले : "तू जंतू पाळतोस म्हणे. विहिरीत टाकायला थोडे दे."

देता आले नाहीत. चंबूत त्यांना औषध भरपूर मिळते. विहिरीत ते इतके विरळ की त्यावर त्यांचे पोट भरत नाही. शिवाय जिवाणूंना खाणारे आदिजीव तेथे टपलेले असतात. आणि पिण्याच्या पाण्यात जिवाणूंची लागवड करावी, हे मलाच पटेना.

स्वीडनमध्ये 1993 पासून पंप भरण्याधुण्याच्या जागी खड्डे करतात. तळाशी चिकणमाती, वर पेंढा, माती व पीट यांचे मिश्रण, त्यावर गवत. औषध तेथेच अडते आणि पेंढ्यावरील बुरशी व जिवाणू ते सावकाश मोडतात. पुढे काकांनी विहिरीपासून दूर, बांधाकडे तसा खड्डा घेतला. पीट नव्हते म्हणून कुजलेले शेणखत घातले. त्यातील माती मी अजून तपासलेली नाही. पंप मात्र आता तेथेच धुतला जातो.