जुन्या शेव्हेलमध्ये नवं इंजिन: बिल नेमकं कशाचं येतं?

अमेरिकेतल्या भंगारयार्डात शेवरलेच्या जुन्या पिकअपमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन हजार-दीड हजार डॉलरला सहज मिळतं. त्यामुळे शेवरलेचीच सत्तर सालची ‘शेव्हेल’ ही गाडी घ्यावी, तिच्यात हे इंजिन टाकावं आणि जुन्या रुपड्यातली भरवशाची गाडी चालवावी, हा बेत कागदावर फारच स्वस्त दिसतो. इंजिन खरोखरच स्वस्त आहे. पण गाडी पूर्ण होऊन रस्त्यावर येते तेव्हा एकूण बिलात त्याचा वाटा पाच टक्केही भरत नाही. पैसा जातो तो पत्र्यात, रंगात आणि नव्या इंजिनाचं जुन्या गाडीशी जमावं म्हणून लागणाऱ्या दोनशे-चारशे डॉलरच्या डझनभर वस्तूंमध्ये.

पुढचे आकडे डॉलरमधले आणि ढोबळ आहेत. शहर आणि गॅरेज बदललं की तेही बदलतील. उदाहरण १९६८ ते १९७२ च्या शेव्हेलचं घेतलं आहे, कारण नवख्या माणसाला याहून सोयीची गाडी मिळणं कठीण. चासी वेगळी, बॉनेटखाली जागा ऐसपैस, आणि फेंडरपासून सीटच्या कव्हरपर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो. त्याच काळातल्या मस्टँगमध्ये फोर्डचं २०११ नंतरचं ५ लिटरचं ‘कायोटी’ इंजिन बसवायला गेलात तर त्याची रुंदीच आड येते. दोन्ही बाजूंचे सस्पेन्शनचे टॉवर कापून पुढचं सगळं सस्पेन्शन बदलावं लागतं. तिथला हिशेब निराळाच.

कुठल्या गाडीला हात लावू नये

गाडी खरी ‘एसएस ३९६’ किंवा ‘एसएस ४५४’, म्हणजे शेव्हेलची मोठ्या इंजिनाची आवृत्ती असेल आणि कारखान्यातून आलेलं इंजिन अजून तिच्यातच असेल, तर ते काढू नका. अशा गाडीची किंमत तिच्या अस्सलपणाची असते. तिच्यात ट्रकचं इंजिन टाकणं म्हणजे पैठणी फाडून पडदे शिवणं. अस्सलपणा तपासायला इंजिन ब्लॉकवर, उजव्या हेडच्या पुढे असलेल्या सपाट जागेवर ठोकलेला आकडा बघा. गाडीच्या नंबराचा काही भाग तिथे असतो आणि तो डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळायला हवा. १९७० च्या शेव्हेलमध्ये ‘एसएस’ हा जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता, त्यामुळे गाडीच्या नंबरावरून ती एसएस आहे का हे कळतच नाही. नंबर सांगतो ते एवढंच की ही व्ही-८ इंजिनाची मालिबू, म्हणजे शेव्हेलचाच एक प्रकार, आहे. एसएसचा पुरावा म्हणजे कारखान्याची बिल्डशीट. ती बरेचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. बाजारात एसएसचे बिल्ले चिकटवलेल्या मालिबू पुष्कळ आहेत. बिल्ल्याचे पैसे देऊ नका.

आपल्याला हवी आहे ती साधी मालिबू. तिच्यात बहुधा ३०७ घन इंचांचं इंजिन आणि दोनच गिअरचा ‘पॉवरग्लाइड’ असतो. कागदावर २०० अश्वशक्ती, आणि तीही जुन्या ‘ग्रॉस’ पद्धतीने, म्हणजे अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर न जोडता मोजलेली. १९९९ नंतरच्या ट्रकमधलं ५.३ चं इंजिन सगळं जोडून २७० ते २९५ देतं. थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होतं आणि हायवेवर ओव्हरड्राइव्हमुळे शांत चालतं. या गाडीत जुनं काढून नवं घातलं तर कोणी हळहळणार नाही.

पत्र्यात पैसे वाचवता येतात ते खरेदीच्या दिवशीच

चालणारी किंवा निदान ढकलता येणारी मालिबू ८ ते २० हजारांना मिळते. या ८ आणि २० मधला फरक बहुतेक गंजाचा असतो. जमिनीचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या काचेचे खालचे कोपरे, व्हिनाइलचं छप्पर असेल तर त्याखालचा पत्रा, आणि बॉडी चासीवर जिथे टेकते त्या जागा बघा. सोबत एक साधं लोहचुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. एका बाजूचा क्वार्टर पॅनल ३०० ते ६०० ला येतो, पण जुना कापून नवा नीट बसवायला कारागिराचे वीसेक तास सहज जातात. गॅरेजचा दर तासाला १०० ते १७५ धरा आणि गुणाकार स्वतःच करा.

हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या न्यू जर्सी, मिशिगन, ओहायोत राहणाऱ्यांनी गाडी ॲरिझोना, न्यू मेक्सिको किंवा पश्चिम टेक्सासात शोधावी. ट्रेलरवरून आणायला हजार-दोन हजार जातील, कोरड्या हवेतली गाडी चार-पाच हजारांनी महागही पडेल, तरी हा सौदा फायद्याचाच. तिकडचं ऊन सीटा आणि डॅशबोर्ड खाऊन टाकतं, पण सीट बदलणं सोपं असतं.

रंगाबद्दल लोकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. हजार-दोन हजारात कोणीतरी गाडी रंगवून देईल, पण दरवाजांच्या फटी सरळ असलेली, बाजूने पाहिलं तर पत्रा लाटा मारत नाही अशी गाडी हवी असेल तर पत्राकाम आणि रंग मिळून १२ ते ३० हजार धरा. प्रदर्शनात ठेवायची असेल तर त्याच्याही पुढे.

इंजिन, आणि इंजिनाच्या मागून येणारं बिल

जनरल मोटर्सची एलएस इंजिनं १९९७ च्या कॉर्व्हेटपासून सुरू झाली. ट्रकमध्ये ती १९९९ पासून आली. घ्यायचं ते १९९९ ते २००६ च्या सिल्व्हराडो, टाहो किंवा सबर्बनमधलं ५.३. त्यानंतरच्या अनेक इंजिनांत पेट्रोल वाचवण्यासाठी चार सिलिंडर बंद करण्याची सोय आहे, आणि तिचे लिफ्टर बिघडण्याबद्दल बदनाम आहेत. जुन्यातही एक तपासणी करा. हेडवर ‘७०६’ हा आकडा आणि ‘कास्टेक’चं चिन्ह दोन्ही असतील तर त्यांपैकी काही हेडना तडा जाऊन पाणी कमी होत राहतं. ते टाळा किंवा हेड बदलण्याचा खर्च धरून भाव करा.

घेताना नुसतं इंजिन उचलू नका. त्याच ट्रकचा कॉम्प्युटर, संपूर्ण वायरिंग, अल्टरनेटर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मागा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर ॲक्सिलरेटरचं पेडल आणि त्याचं मॉड्यूलही. हे सुटं सुटं जमवायला गेलात तर स्वस्त इंजिनाची बचत तिथेच संपते. ‘४एल६०ई’ गिअरबॉक्स धरून १,५०० ते २,५००, आणि गाडीत जाण्याआधी गॅस्केट, सील, वॉटर पंप यांचे आणखी ५०० धरा. गिअरबॉक्स आतून उघडावा लागला तर वर १,५०० ते २,५००.

नवंकोरं हवं असेल तर ४३० अश्वशक्तीचं एलएस-३ साधारण ८ ते ११ हजारांना येतं, गिअरबॉक्स आणि कॉम्प्युटर वेगळा. सगळं जोडीनं घेतलं तर फक्त सामानाचेच २० हजार ओलांडतात. कुटुंबाला घेऊन रविवारी फिरायला जाणाऱ्याला एवढ्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे ब्रेकमध्ये घाला.

आता ती डझनभर सामानाची यादी. इंजिन चासीवर बसवायच्या माउंटच्या पट्ट्या ६० ते १५०. ट्रकचा ऑइल पॅन खोल असतो, तो खाली लोंबतो आणि क्रॉसमेंबरला अडतो. वेगळा पॅन २५० ते ४५०. हेडर ३०० ते ९००, पुढचे पाइप आणि सायलेन्सर ८०० ते १,८००. जाड रेडिएटर आणि दोन विजेचे पंखे ५०० ते ९००. ट्रकच्या इंजिनावर एसीचा कॉम्प्रेसर उजवीकडे खाली असतो आणि बहुधा चासीला आड येतो. त्यासाठी ब्रॅकेट आणि पुल्या ४०० पासून २,००० पर्यंत. गिअरबॉक्स बदलला म्हणून ड्राइव्हशाफ्ट नवा, ३५० ते ६००. जुना स्पीडोमीटर केबलवर चालतो, नवा गिअरबॉक्स विजेचा इशारा देतो, म्हणून मध्ये जोडणारी पेटी ३००, नाहीतर सगळे मीटर नवे घेऊन हजाराच्या वर.

पेट्रोलचं काम यात सगळ्यांत महत्त्वाचं. कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय दाब पुरतो, या इंजिनाला साधारण ५८ लागतो. म्हणजे जुना पंप गेला, जुने रबरी पाइप गेले. आत पंप बसवलेली नवी टाकी ५०० ते ९०० ला येते आणि ती घ्यावीच. बाहेर लावलेला स्वस्त पंप आवाज करतो आणि उन्हाळ्यात दगा देतो. दाब राखायला मात्र एक स्वस्त युक्ती आहे: १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर. त्याच्यातच रेग्युलेटर असतो आणि तो शंभराच्या आत मिळतो. पाइपांवर मात्र काटकसर करू नका. ५८ पीएसआयवर गळती म्हणजे आग.

वायरिंग स्वतः सोडवून घेतली तर ३००, तयार नवी घेतली तर ६०० ते ९००. ट्रकच्या कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी कुलूप काढून घ्यायला शंभर-दोनशे. ते न काढल्यास इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडेल आणि तुम्ही आठवडाभर पंप तपासत बसाल. शेवटचं ट्यूनिंग ४०० ते ७००. एसी पुन्हा हवाच असेल, आणि ह्यूस्टनमध्ये तो हवाच, तर आणखी १,५०० ते २,५००.

सगळं स्वतः केलंत आणि भाव करायची सवय असेल तर इंजिनाचं हे प्रकरण एसीशिवाय ७ ते ९ हजारांत बसतं. गॅरेजला दिलंत तर फक्त मजुरीच ८ ते १५ हजार. गॅरेजशी करार करताना एकरकमी आकड्यावर विसंबू नका. दर, टप्पे आणि प्रत्येक टप्प्यानंतरचे फोटो लिहून घ्या, आणि सामानाचे पैसे सामान दिसल्यावरच द्या.

ब्रेकबद्दल वाद नको. त्या काळच्या साध्या मालिबूला चारही चाकांना ड्रम असत. पुढे डिस्क, नवा मास्टर सिलिंडर, नवे ब्रेक पाइप, सस्पेन्शनचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर मिळून ४ ते ५ हजार. हे काम इंजिन घालण्याआधी करायचं.

आता बेरीज. गाडी १३, इंजिनाचं काम ९, ब्रेक आणि सस्पेन्शन ५, पत्रा आणि रंग १६, आतली सजावट ४, चाकं, काचा, रबर, क्रोम ५: झाले ५२ हजार, आणि यात तुमच्या मजुरीचे शून्य धरले आहेत. त्यावर पंचवीस टक्के गाठीशी ठेवा. सगळं गॅरेजकडून करून घेतलं तर आकडा ८० हजारांपासून पुढे कुठेही जातो. “एवढ्यात नवी टोयोटा आली असती” हे घरात ऐकावं लागेल, आणि ते खरंही आहे.

कागदपत्रं

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी लागत नाही, त्यामुळे इंजिन बदलण्यात अडचण नाही. इतर राज्यांत नियम वेगवेगळे, म्हणून पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या वाहन विभागाला विचारा. वसाहतीच्या असोसिएशनचे नियमही वाचा. नोंदणी नसलेली गाडी ड्राइव्हवेत उभी करायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या. साधी विमा कंपनी पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीची किंमत भंगाराची धरेल. पावत्या आणि कामाचे फोटो ठेवले तरच ती ठरलेली किंमत मान्य होते.

ही गाडी पुढे पुण्याला न्यायचा विचार असेल तर थांबा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे आपण इथवर जे केलं नेमकं तेच नको. शिवाय ती रोज चालवताही येत नाही. पुण्याला न्यायचीच असेल तर ३०७ चं इंजिन तिच्यातच राहू द्या.

दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी

वर ५२ हजारांची जी गाडी तयार झाली ती विकायला काढली तर तेवढे पैसे क्वचितच परत येतात. म्हणूनच ज्याला हाताने काम करण्याची हौस नाही, नुसती चालवायची हौस आहे, त्याने दुसऱ्या कोणी पूर्ण केलेली गाडी विकत घ्यावी. अर्धवट सोडलेली घेऊ नये. ज्या कारणाने त्याने सोडली ते कारण गाडीबरोबरच घरी येतं, आणि डब्यांत भरलेले बोल्ट कुठले हे सांगणारा माणूस येत नाही.

तयार गाडी बघायला जाल तेव्हा पावत्या आणि ट्यूनिंगची फाइल मागा. टाकीपासून इंजिनापर्यंतचा पेट्रोलचा पाइप आडवे पडून डोळ्यांनी बघा. वीस मिनिटं उभ्या उभ्या एसी लावून इंजिन चालू ठेवा आणि तापमानाचा काटा कुठे थांबतो ते पाहा. आणि गाडी थंड इंजिनावरच सुरू करून बघायची आहे हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेट कोमट लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.