धडा : रंग धरणारा धागा



गोंदियाची थंडी आपणांस ठाऊक आहे. विदर्भात पारा सर्वांत खाली गेल्याची बातमी पुष्कळदा इथलीच असते. म्हणून नागरा येथील आमच्या महिला गटाने गेल्या हिवाळ्यात लहान मुलांसाठी लोकरीची टोपरी व मोजे विणायचे ठरवले. भगिनी बहुतेक गोंड व हलबी. पांढरी लोकर आणून ती घरीच खाण्याच्या रंगात रंगवावी, असे मी सुचवले. हा रंग स्वयंपाकाच्या भांड्यात चालतो आणि निराळी रसायने लागत नाहीत.

मी बाजारातून स्वस्त पांढरी लोकर आणली. रंग चढल्यासारखा दिसला, पण पहिल्याच धुण्यात सगळा पाण्यात उतरला. एक मावशी हळूच म्हणाली, "ताई, दोन दिवसांची रोजी बुडवून आम्ही बसलो होतो." मला उत्तर सुचेना. चूक माझी होती. ती लोकर मेंढीची नव्हतीच. तो अॅक्रिलिकचा धागा होता.

रंग का धरतो?

लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखे. अंगोरा शेळीच्या केसांचे मोहेर आणि आपल्याकडचा टसर कोसा हेही प्रथिनाचेच धागे. आंबट व गरम पाण्यात असा धागा खाण्याचा रंग ओढून घेतो व घट्ट धरतो. सूत आणि अॅक्रिलिक यांना हे जमत नाही.

आधी पारख

धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक वितळते व त्याची काळी, कडक गोळी होते.

कृती (100 ग्रॅम लोकरीसाठी)

1. लोकरीची लडी सैल बांधून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा.
2. स्टीलच्या पातेल्यात 3 लिटर पाणी, अर्धा कप पांढरे व्हिनेगर आणि पाव ते अर्धा चमचा रंग विरघळवा. रंग पाकीटबंद व परवाना क्रमांक छापलेलाच घ्या. सुट्या पुडीत मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग असू शकतो.
3. लडी पाण्यात सोडून मंद आचेवर तापवा. वाफ यावी, पण उकळी फुटू नये. अर्ध्या तासात पाणी जवळजवळ नितळ होते. रंग धाग्यात गेल्याची ती खूण.
4. फार ढवळू नका. चोळल्याने किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकल्याने लोकर आटते.
5. पातेल्यातच निवू द्या, मग साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

दुसऱ्या खेपेस आम्ही आधी धागा जाळून पाहिला. पातेल्यातले पाणी नितळ झाले तेव्हा त्याच मावशीने सर्वांना हाक मारून ते दाखवले.

विकताना

हा रंग धुण्यात टिकतो, पण कडक उन्हात फिका पडतो. गिऱ्हाइकाला तसे सांगावे. तो बाजारचा रंग आहे, त्याला "नैसर्गिक" म्हणू नये. नैसर्गिकच हवा असेल तर होळीच्या सुमारास आपल्या रानात पळस फुलतो. त्याची फुले उकळून, तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या लोकरीला पिवळा रंग देता येतो. तो आमचा पुढचा धडा आहे.

मनन

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 मध्ये आपल्याला लुदिया भेटते. ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करी. तिचे गाव थुवतीरा आजच्या तुर्कस्तानात आहे. रंगाऱ्यांसाठी ते प्रसिद्ध होते. प्रभूने तिचे अंतःकरण उघडले आणि तिने आपले घर सेवकांसाठी उघडले. तिचा विश्वास घरात आणि व्यवहारात दिसला. मी मात्र प्रार्थना करून गटाचे काम सुरू केले आणि धागा पारखला नाही. गरिबाची रोजी हाती घेणाऱ्याने प्रार्थनेबरोबर पारखही करावी, हे मी शिकले.

विचार करा : माझ्या हाती सोपवलेल्या कोणत्या कामाची पारख मी अजून केलेली नाही?

प्रार्थना विषय : या भगिनींना योग्य भाव मिळावा आणि त्यांचे माप व बोलणे खरे राहावे.

प्रभूच्या सेवेत आपली एक भगिनी,
नागरा, जि. गोंदिया