आधी कान

काल ड्युटी संपवून खोलीवर आलीस आणि फोनवर रडलीस. "ताई, माझ्याच्यानं नाही होणार," एवढंच तीनदा म्हणालीस. तेव्हा मी फार बोलले नाही. रात्रभर वॉर्डात उभं राहून आलेल्या माणसाला आधी झोप लागते, बोलणं नंतर. आता झोप झाली असेल, चहाही घेतला असशील. म्हणून निवांत लिहिते आहे, तूही निवांत वाच.

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या सराव पेपरात ऐकण्यात ४० पैकी १९ आले, वाचनात २४. सातचा बँड साधारण ३० ला मिळतो. तुला ब्रिटनला नर्स म्हणून जायचंय, आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत सात आणि लिखाणात साडेसहा हवेत. म्हणजे ऐकण्यातच सगळ्यात मोठी दरी आहे, आणि नेमकं त्याच्यासाठी तू काहीच करत नाहीयेस. व्याकरणाचं पुस्तक मात्र तिसऱ्यांदा काढून बसली आहेस. मला त्याचंच वाईट वाटलं.

"मला इंग्रजीच येत नाही" असं म्हणालीस ना, ते मला पटत नाही. बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं तू इंग्रजी पुस्तकं वाचलीस, पेपर इंग्रजीत लिहिलेस. पण बघ, हे सगळं इंग्रजी तुझ्यात शिरलं ते डोळ्यांतून. माझ्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं, म्हणून तुला माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली. तरी तास दोघींचाही सारखाच. बाई धडा वाचणार, ओळीखाली मराठी अर्थ सांगणार, आपण तो पेन्सिलीनं लिहून घेणार. दहावीपर्यंत खरं बोललं जाणारं इंग्रजी आपल्या कानावर किती पडलं, सांग बरं? जो कान कधी जेवलाच नाही, तो आता धावणार कसा?

माझीच गोष्ट सांगते, तुला कधी सांगितली नव्हती. पुण्यात पहिल्या वर्षाला तोंडी परीक्षेत मला परीक्षकांनी एक साधा प्रश्न विचारला. 'व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' कागदावर असता तर सहावीतल्या मुलालाही कळला असता. मला ऐकू आलं ते 'वॉड्यमीन्बायदॅट' असं एक सलग काहीतरी. मी गप्प उभी राहिले. त्यांना वाटलं, हिला विषय येत नाही. विषय मला पाठ होता गं. वसतिगृहावर येऊन मी त्या दिवशी जेवले नाही. पण त्या रात्री एक कळलं. ते वाक्य मी शब्द सुटे करून शिकले होते आणि बोलणाऱ्यानं ते सगळे जोडून म्हटले होते.

आपणही तेच करतो की. तुमच्या मिरजेत कुणी 'मी काल आलो होतो' असं पूर्ण म्हणतं का? 'काल आल्तो', 'गावाला गेल्तो' असंच म्हणतात. पुस्तकावरून मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस तिथे उतरला तर 'आल्तो' हा शब्द शब्दकोशात शोधत बसेल आणि त्याला तो सापडणार नाही. तुझं इंग्रजीत तसंच झालंय. 'पिक इट अप' तुला 'पिकिटप' ऐकू येतं, 'टोल्ड हर' ऐकू येतं 'टोल्डर', 'शुड हॅव'चं होतं 'शुडव'. शब्द सगळे तुझ्या ओळखीचेच आहेत, चेहरा तेवढा बदललाय.

शिवाय मराठीत आपण प्रत्येक अक्षराला बऱ्यापैकी सारखा वेळ देतो. इंग्रजीत वाक्यातल्या दोन-तीन महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले बारके शब्द घाईत गिळले जातात. या गिळलेल्या शब्दांत कधी कधी सगळा अर्थ असतो. 'यू कॅन ईट' आणि 'यू कान्ट ईट' घे. ब्रिटिश माणूस पहिल्यातला 'कॅन' इतका हलका म्हणतो की तो जेमतेम 'क्न' ऐकू येतो. दुसऱ्यातला 'कान्ट' मात्र लांब आणि ठसठशीत असतो. अमेरिकन असेल तर शेवटचा 'ट' बऱ्याचदा ऐकूच येत नाही, जोरावरूनच ओळखायचं. उद्या ब्रिटनमधल्या वॉर्डात ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायच्या पेशंटबद्दल कुणी तुला हे वाक्य सांगितलं तर? तू कान तयार करते आहेस तो अशा क्षणासाठी. परीक्षा त्याच्या वाटेत येते इतकंच.

आता काय करायचं ते सांगते. शाळेत आपल्याला श्रुतलेखन घालायचे, आठवतं? तेच कर. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाचा कार्यक्रम आहे, फुकट ऐकायला मिळतो आणि त्याची संहिताही मिळते. सहा मिनिटं पूर्ण नको, फक्त एक मिनिट घे. आधी नुसतं ऐक, काही लिहू नकोस, विषय काय आहे तेवढा कळला तरी पुष्कळ. मग वाक्यावाक्याला थांबवून वहीत लिही. एक ओळ सोडून एक. जे कळलं नाही तिथे जागा मोकळी सोडायची किंवा जे ऐकू आलं ते सरळ देवनागरीत लिहायचं, 'पिकिटप' तर 'पिकिटप'. लाजू नकोस, ती वही तुझ्याशिवाय कुणी बघणार नाही. पाच-सहा वेळा ऐकून झालं की संहिता उघड आणि मोकळ्या ओळीत लाल पेनानं खरं वाक्य लिही. खरी शिकवणी त्या लाल ओळींतच आहे. पंधरा दिवसांत तुला दिसेल की चुका शंभर तऱ्हेच्या नाहीत, आठ-दहाच तऱ्हेच्या आहेत आणि त्याच त्याच परत येतात. त्यानंतर मूळ आवाजाबरोबर तेच मिनिट मोठ्यानं म्हण, त्याच चालीत, त्याच घाईत. जीभ जे जोडायला शिकते ते कान सोडवायला शिकतो. हे मी स्वतः अनुभवलंय, म्हणून इतक्या खात्रीनं सांगते.

सुरुवातीला वेग कमी करून ऐकलंस तरी चालेल, पण महिनाभरानंतर नाही. आणि सिनेमे, मालिका बघताना खाली मराठी-हिंदी अक्षरं लावू नकोस. डोळा लबाड आहे, तो वाचून घेतो आणि कान झोपतो. एकदा बिनअक्षरांचं, मग इंग्रजी अक्षरं लावून, मग परत बिनअक्षरांचं, असं एकच दृश्य तीनदा बघ.

परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच लावतात. चार भाग असतात आणि बोलणारे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन कुणीही असू शकतात. पहिल्या भागात नाव, पत्ता, फोन नंबर असलं साधं असतं आणि आपली मुलं तिथेच गुण घालवतात, कारण स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक. ए, ई आणि आय या तीन अक्षरांचा गोंधळ तुझाही होतो, मी पाहिलंय. रोज पाच नावं मैत्रिणीला अक्षर-अक्षर सांगायला लाव आणि लिहून घे. शून्याला ते 'ओ' म्हणतात, दोनदा आलेल्या आकड्याला 'डबल'. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'मध्ये जोर कुठे पडतो ते ऐक. औषधाच्या मात्रेत हा फरक केवढा असतो ते तुला मी काय सांगणार?

वाचनाबद्दल एकच मागणं आहे तुझ्याकडे. सोपं वाच. अगदी लाज वाटेल इतकं सोपं. तू सध्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घेऊन बसतेस, दर ओळीत तीन शब्द अडतात, शब्दकोश उघडतेस आणि परिच्छेद संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असतेस. त्याला वाचन म्हणत नाहीत बाळ, ते खडे वेचणं झालं. पानभर वाचताना चार-पाच शब्दच अडावेत, म्हणजे वाक्यांची लय अंगात भिनते आणि अडलेला शब्दही आजूबाजूवरून उमगतो. ऑक्सफर्डची 'बुकवर्म्स' नावाची पुस्तकं आहेत, टप्प्याटप्प्यानं लिहिलेली. पहिल्या टप्प्यात ४०० मूळ शब्द, तिसऱ्यात १०००, सहाव्यात २५००. तू तिसऱ्यापासून सुरू कर आणि आठवड्याला एक संपव. ती झाली की आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' घे. १९३५ चं पुस्तक आहे, पण वाक्यं इतकी स्वच्छ की आपल्याच आळीतली शाळा वाटते. अग्रलेख पळून जात नाहीत, दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जा.

वाचनाच्या पेपरात तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नसतो. तुझे गुण जातात ते 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'मध्ये. तुला एखादी गोष्ट बाहेरून माहीत असते आणि तू 'ट्रू' लिहितेस. उतारा त्याविरुद्ध बोलत असेल तरच 'फॉल्स', गप्प असेल तर 'नॉट गिव्हन'. तुझं ज्ञान त्या तासापुरतं दाराबाहेर ठेव.

लिखाणावर मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिथे मी स्वतः दोन वर्षं फुकट घालवली. एका क्लासमध्ये आम्हाला निबंधाचे सांगाडे पाठ करून घ्यायचे. सुरुवातीचं वाक्य तयार, शेवटचं वाक्य तयार, मध्ये विषय भरायचा. मी भक्तिभावानं सगळं पाठ केलं. नोकरीत पहिल्यांदा एक साधं पत्र लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे स्वतःचं एक वाक्यही नव्हतं. आयल्ट्सचे परीक्षकही पाठ केलेलं ओळखतात आणि त्याचे गुण देत नाहीत. म्हणून त्या भानगडीत पडू नकोस.

त्यापेक्षा बेंजामिन फ्रँकलिननं काय केलं ते ऐक. हा मुलगा बॉस्टनला भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. त्याला 'स्पेक्टेटर' नावाच्या नियतकालिकाचा एक सुटा खंड मिळाला. त्यातला एखादा लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा आणि कागद काही दिवस बाजूला ठेवायचा. मग नुसत्या टिपणांवरून तो लेख आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करायच्या. वेळ कधी मिळायचा? रात्री काम संपल्यावर किंवा पहाटे काम सुरू होण्याआधी. तुझ्यासारखाच. तूही असंच कर, आणि लेख शोधायला जाऊ नकोस. सोमवारी श्रुतलेखन केलेलं तेच मिनिट गुरुवारी टिपणांवरून लिही. एकच तुकडा आधी कानातून गेला, मग डोळ्यांतून, मग हातातून आला. तो मग तुझा झाला.

लिहून झाल्यावर सगळ्या चुका एकदम शोधू नकोस. आपल्या इंग्रजीतून जिथे मराठी डोकावते तेवढंच आधी बघ. आपण 'मी त्याला भेटले' म्हणतो म्हणून हात 'आय मेट टू हिम' लिहितो. 'पासून' आपण दोन्हींना वापरतो, '२०२२ पासून' आणि 'तीन वर्षांपासून', म्हणून दोन्हीकडे 'सिन्स' पडतो. इंग्रजीत २०२२ ला 'सिन्स', तीन वर्षांना 'फॉर'. आणि तुला छळणारे ते 'अ' आणि 'द'. मराठीत गोष्ट सांगताना आपण म्हणतो, 'एक पेशंट आला, त्या पेशंटला ताप होता.' जिथे मनात 'एक' येतं तिथे बहुतेक वेळा 'अ', जिथे 'तो' किंवा 'त्या' येतं तिथे 'द'. सगळीकडे नाही लागू पडत, पण निम्म्याहून जास्त भार हलका होतो. एका आठवड्याला एकच चूक धर. या आठवड्यात फक्त 'सिन्स-फॉर', बाकीचं चुकलं तर चुकू दे.

लेखनातल्या पहिल्या प्रश्नाला तू उगाच घाबरतेस. आलेख देतात आणि किमान १५० शब्दांत वर्णन करायला सांगतात. अगं, तू रोज ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट भरतेस! रात्री ताप १०२ वर चढला, पहाटे उतरला, दुपारपासून स्थिर आहे, हे तू डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगतेस. आधी एकूण चित्र, मग महत्त्वाचे चढउतार, बाकीचे आकडे सोडून द्यायचे. तोच प्रश्न आहे तो. त्यात २० मिनिटांपेक्षा जास्त अडकू नकोस, कारण दुसऱ्या, किमान २५० शब्दांच्या निबंधाला दुप्पट महत्त्व असतं.

आणि कुणाला तरी लिही. आनंदीबाई जोशींचं उदाहरण मी नेहमी मनात आणते. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण जायच्या आधी, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंना कधी भेटल्याही नव्हत्या तेव्हा, आनंदीबाई त्यांना इंग्रजीतून पत्रं लिहीत होत्या. पलीकडे वाट बघणारं माणूस होतं, सांगायचं पुष्कळ होतं. गुणांसाठी लिहिलेल्या निबंधाला ती ओढ कुठून येणार?

तू मला लिही. रोज सात ओळी, दिवसभरात वॉर्डात काय झालं ते. पेशंटचं नाव-गाव नको, तेवढं पथ्य पाळ. मी सगळ्या चुका लाल करणार नाही, त्या आठवड्याच्या एका चुकीखालीच रेघ मारीन. बाकी पत्र मी पत्रासारखंच वाचीन आणि उत्तरही इंग्रजीत देईन.

रविवारी तुला सुट्टी आहे. सकाळी दहाला फोन करते. 'स्वामी अँड फ्रेंड्स'मधला एक परिच्छेद मी नेहमीच्या वेगानं एकदाच वाचीन, तू लिहून घे. वही घेऊन बस, दोनशे पानी, रेघांची. आणि लाल पेन आजच आणून ठेव, आयत्या वेळी तुझ्या खोलीत कधी सापडत नाही.