वाडीतल्या टाक्याचं पाणी

घरामागच्या वाडीत सिमेंटचं टाकं बांधून रोहू-कटला पाळायचे म्हटलं की लोक आधी बोटुकली आणि खाद्याची चौकशी करतात. पाण्याचं नाव शेवटी निघतं. सिरोंच्यासारख्या भट्टीत मासे जगतात की नाही, हे मात्र पाणी किती वेळा आणि कशातून फिरतं यावरच ठरतं. माझ्या टाक्याने शिकवलेलं इथे लिहितो.

१. नितळ पाण्यातही मासे मरतात. कल्ल्यांतून निघणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. ३० टक्के प्रथिनं असलेलं १०० ग्रॅम खाद्य टाकलं की जवळपास ३ ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. म्हणून फिल्टर केवढा हवा हे मासे मोजून ठरवू नये, रोज किती खाद्य पडतं ते बघून ठरवावं. ढेप-कोंडा अर्ध्या तासात संपेल तेवढाच टाकावा.

२. आधी गाळ बसू द्यावा. टाक्याच्या तळाचं पाणी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये कडेने, गोल फिरेल असं सोडलं की विष्ठा आणि उरलेलं खाद्य मधोमध तळाशी जमतं. तळाला कॉक बसवून रोज सकाळी तो गाळ सोडून द्यावा. वांग्या-मिरचीच्या आळ्यात तो उत्तम चालतो. ड्रम निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. आपला भाग मिरची-कापसाचा. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही घासला तरी माशांसाठी घेऊ नये.

३. खरं काम दुसऱ्या ड्रममध्ये होतं. त्यात मी वाळू भरत नाही; बारीक वाळू गाळाने लगेच बुजते. नदीवर जाणाऱ्या शेजाऱ्यांकडे फाटकी नायलॉनची जाळी पडून असतात. ती स्वच्छ धुऊन, सैल गुंडाळ्या करून ड्रम भरतो. त्या धाग्यांवर जिवाणू वस्ती करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं. नायट्रेट त्या मानाने सोसवतं. गुंडाळी हातात घेतली की तपकिरी, बुळबुळीत थर लागतो. त्याला ओल्या मातीचा वास असेल तर सगळं बरं चाललंय. थर काळा पडून सडक्या अंड्याचा वास येत असेल तर आत हवा पोचत नाही.

४. ही गुंडाळी नळाखाली कधीच धुऊ नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. बादलीत टाक्याचंच पाणी घ्यावं, त्यात गुंडाळ्या नुसत्या हलवाव्यात. अर्ध्या आज, अर्ध्या पंधरा दिवसांनी.

५. वीज फार वेळ गेली की ड्रममधला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. वीज आल्यावर लगेच पंप सुरू करू नका. ड्रममधलं साचलेलं पाणी आधी बाहेर सोडा, नाहीतर तो सगळा विषारी काढा टाक्यात जातो. परवडत असेल तर बॅटरीवरचा हवापंप घ्यावा. कारंजं नंतरही घेता येईल.

६. आपल्याकडचा उन्हाळा ही वेगळीच परीक्षा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम सात. त्यात शेवाळ माजलं की दुपारी पाण्याचा सामू (pH) चढतो. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ९ झाला की चाळीस टक्क्यांहून जास्त असतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये टाक्यावर हिरवी जाळी किंवा दोडक्याचा मांडव हवाच. त्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावं आणि पंप रात्री चुकूनही बंद करू नये. शेवाळ अंधारात प्राणवायू सोडत नाही, उलट ओढून घेतं. त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची.

७. फिल्टरमधून परतणारं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून आणावं. उरलेलं नायट्रेट मुळं शोषून घेतात. झाडीपट्टीला हे नवं नाही. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत पाणवनस्पतींनीच पाणी राखलं. बेशरमाची झुडपं माजली तिथे हा क्रम बिघडला. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढिवर समाजाला सोबत घेऊन बेशरम काढली, देशी पाणवनस्पती परत लावल्या. चार हातांच्या टाक्यालाही तोच नियम लागू आहे.

८. पावसाळ्यात प्राणहितेचं लाल पाणी थेट टाक्यात घेऊ नका. त्यातली बारीक माती कोणत्याच जाळ्यात अडकत नाही. वेगळ्या टाकीत ते आधी निवळू द्या.

यंदा फिल्टर बसवायचा विचार असेल तर उन्हाची वाट बघू नका. महाशिवरात्रीला कालेश्वरला जाण्याआधी ड्रम सुरू झालेले हवेत. जिवाणूंचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात.